पंचवटी ते गजपंथ : एका जुन्या वाटेचा जमाखर्च

नाशिकमधून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांत मुंबई-आग्रा महामार्ग, पुणे रस्ता आणि त्र्यंबक रस्ता यांची नावे सर्वांच्या तोंडी आहेत. पंचवटीतून उत्तरेकडे निघून म्हसरूळमार्गे दिंडोरीला जाणारा रस्ता त्या मानाने मागे पडला. आज त्याच्या दुतर्फा गृहसंकुले, वाहनांची शोरूम आणि मंगल कार्यालये उभी आहेत. वणीला किंवा सप्तशृंगगडावर जाताना ओलांडायचा शहराचा एक गजबजलेला भाग, एवढीच त्याची बहुतेकांना ओळख असते. तथापि गोदावरीच्या काठापासून म्हसरूळच्या डोंगरापर्यंतचा सहा-सात किलोमीटरांचा हा पहिला टप्पा सावकाश, शक्य तर पायी पाहिला, तर त्यावर अनेक शतकांच्या खुणा आढळतात. पेशवाईतील मंदिरे, व्यापाऱ्यांचे वाडे, यात्रेकरूंच्या धर्मशाळा, शेतमालाचा बाजार आणि शेवटी गजपंथाचे सिद्धक्षेत्र अशी त्यांची रांग आहे.

वास्तू कोणी बांधली, हे बहुधा दारावरच्या शिळेवर कोरलेले असते. ती इतकी वर्षे कोणाच्या पैशाने टिकली, हे मात्र कोठेच कोरलेले नसते. या वाटेवरील वास्तूंची आजची अवस्था समजून घ्यायची, तर हा दुसरा हिशेब मांडणे अधिक उपयोगाचे आहे.

सुरतेकडे तोंड असलेला रस्ता

सतराव्या शतकात सुरत हे पश्चिम किनाऱ्यावरील सर्वांत मोठे बंदर होते. देशावरील माल तेथे पोहोचवण्यासाठी सह्याद्री उतरावा लागे आणि त्यासाठी नाशिकहून उत्तरेकडे दोन वाटा फुटत. एक पेठमार्गे सावळ घाट उतरून धरमपूरकडे जाई; दुसरी दिंडोरी-वणीवरून बागलाण आणि गुजरातकडे. या दोन्ही वाटांचा आरंभ पंचवटीत होता. गाडीरस्ते होण्यापूर्वी बैलांच्या पाठीवर गोण्या लादून जाणारे वंजाऱ्यांचे तांडे हीच त्या काळची मालवाहतूक. धान्य खाली जाई. मीठ, खारीक, खोबरे वर येई. पेठ-सुरगाण्याच्या रानातील सागवानही याच वाटांनी नाशिकला उतरे.

या मार्गाचे लष्करी महत्त्वही इतिहासाने नोंदले आहे. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेची दुसरी मोहीम आटोपून परतणाऱ्या छत्रपती शिवाजी महाराजांच्या सैन्याची आणि मोगल सरदार दाऊदखानाच्या फौजेची गाठ वणी-दिंडोरीच्याच परिसरात पडली. सुरतेहून देशावर येणाऱ्याला ही वाट सोयीची होती, हेच त्यामागचे साधे कारण.

एकोणिसाव्या शतकाच्या सहाव्या-सातव्या दशकांत रेल्वे आली आणि चित्र पालटले. रेल्वेस्थानक शहराच्या दक्षिणेला, आजच्या नाशिकरोडला झाले. माल तिकडे वळला. उत्तरेकडील वाटेवर उरले ते यात्रेकरू, भाजीपाला घेऊन येणारा शेतकरी आणि पायी विहार करणारे साधू-साध्वी. रस्त्याचे भाग्य मंदावले. मात्र त्यामुळेच त्यावरील पुष्कळ जुनी बांधकामे एकोणिसाव्या शतकात पाडली गेली नाहीत, हेही नमूद केले पाहिजे.

गोदाकाठची मंदिरे

वाटेचा आरंभ नदीवर होतो. आज ज्याला होळकर पूल म्हणतात, तो १८९५ चा. पूर्वी त्याला व्हिक्टोरिया पूल म्हणत. पूल होण्यापूर्वी उन्हाळ्यात नदीचे पात्र पायी ओलांडता येई आणि पावसाळ्यात नावेचा आधार घ्यावा लागे. पुराच्या दिवसांत उत्तरेकडून आलेल्या माणसाला आणि मालाला अलीकडच्या काठावरच थांबणे भाग पडे. पंचवटीत धर्मशाळा, वखारी आणि राहती दुकाने यांची दाटी का झाली, याचे एक उत्तर या थांबण्यात आहे.

काठावरचे नारोशंकराचे मंदिर १७४७ मधले. तेथील मोठी घंटा ही १७३९ मधील वसईच्या विजयाची खूण मानली जाते. पुढे चढावर काळाराम मंदिर आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सरदार रंगराव ओढेकरांनी ते बांधविले. त्याचा काळा दगड पेठ रस्त्यालगतच्या रामसेज डोंगरातून आणला. दोन हजार माणसे, बारा वर्षे आणि तेवीस लाख रुपये असा त्याच्या उभारणीचा हिशेब परंपरेने सांगितला जातो. एवढा दगड गाड्यांवरून वाहून आणायचा म्हणजे रस्ता मजबूत हवा. म्हणजे मंदिराच्या खर्चातला काही भाग रस्त्यावरही पडला असणार, हे कोणीही जाणकार ठेकेदार सांगेल.

या मंदिराच्या इतिहासात एक नावे बाजूची नोंदही आहे आणि ती वगळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली येथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षे चालला. ज्या वास्तूसाठी हजारो हातांनी दगड घडविला, तिच्या दारात त्यांतल्याच कित्येकांच्या वंशजांना अडविले गेले. वास्तूचा वारसा सांगताना तिच्या दारात काय घडले, तेही सांगावे लागते.

दुकान खाली, बिऱ्हाड वर

मंदिरांच्या मागे सरदार चौक, पंचवटी कारंजा, दिंडोरी नाका असा बाजाराचा पट्टा लागतो. येथील गल्ल्यांत उरलेले जुने वाडे व्यापारी घराण्यांच्या राहणीचा आराखडाच आहेत. रस्त्याला लागून काळ्या दगडाचे जोते, त्यावर ओटा, ओट्यामागे पेढी किंवा दुकान, बाजूने अंगणात, म्हणजे चौकात नेणारी बोळ, चौकाभोवती ओसरी, स्वयंपाकघर, देवघर, माडीवर बिऱ्हाड, तळघरात किंवा मागच्या खणांत माल. गादीवर बसलेल्या माणसाला एकाच वेळी रस्त्यावरचे गिऱ्हाईक आणि चौकातला घरचा वावर दोन्ही दिसत. व्यवसाय आणि कुटुंब यांच्यात भिंत होती. पण तिला दार होते.

या घरांचे साहित्य स्थानिक. जोत्याला बेसॉल्टचा दगड, भिंतींना वीट, माती आणि चुना, खांब-तुळयांना सागवान. अशा बांधकामाचा एक स्वभाव असतो. चुना आणि माती ओल शोषतात आणि उन्हाळ्यात ती सोडूनही देतात. लाकूड हवेशीर राहिले तर दोनशे वर्षे टिकते. मात्र हाच वाडा ‘मजबूत’ करण्यासाठी त्याला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, की आत शिरलेली ओल आतच कोंडते, तुळईचे भिंतीत बसविलेले टोक कुजते आणि एका पावसाळ्यात अख्खा खण खाली येतो. नाशिकच्या जुन्या भागांत दर पावसाळ्यात वाडे पडल्याच्या बातम्या येतात. त्या वाड्यांना वयाने मारले असे लोक समजतात. बहुधा त्यांना तुंबलेल्या पन्हळीने, भिंतीत रुजलेल्या पिंपळाने आणि चुकीच्या दुरुस्तीने मारलेले असते.

दिंडोरी नाक्यापुढे रस्ता रुंद होतो. कृषी उत्पन्न बाजार समितीचे आवार याच रस्त्यावर आहे. पहाटे दिंडोरी-वणीकडून भाजीपाल्याच्या गाड्या येतात, लिलाव होतात आणि दिवस वर येईपर्यंत माल मुंबईकडे, गुजरातकडे रवाना झालेला असतो. बैलांच्या तांड्यांची जागा टेम्पोंनी घेतली. उत्तरेकडून माल आणून पंचवटीत विकण्याची चाल तीच राहिली. त्यापुढे मेरी या पाटबंधारे संशोधन संस्थेची वसाहत ओलांडली, की म्हसरूळ येते. १९८२ साली नाशिक महानगरपालिका झाली आणि म्हसरूळ शहराचा भाग बनले. त्यापूर्वी ते शेतांच्या मधोमध असलेले खेडेच होते, हे आजही तेथील पार, सीता सरोवराचा परिसर आणि जुनी गल्ली पाहिली की कळते.

गजपंथ

म्हसरूळच्या डोंगरावरील लेणी भोवतालच्या गावांत चांभार लेणी म्हणून ओळखली जातात. दिगंबर जैन परंपरेत तेच गजपंथ सिद्धक्षेत्र. सात बलभद्र आणि आठ कोटी मुनी येथून मोक्षाला गेले, अशी श्रद्धा आहे. नऊ बलभद्रांपैकी आठवे म्हणजे श्रीराम. त्यांचे निर्वाणस्थान जैन परंपरेने याच जिल्ह्यातील बागलाणात, मांगीतुंगीला मानले आहे. रामाच्या वनवासाच्या स्मृती जपणारी पंचवटी आणि रामाच्या मोक्षाची स्मृती जपणारी मांगीतुंगी यांच्यामध्ये गजपंथ येतो. त्यामुळे पंचवटीहून उत्तरेकडे जाणारी ही वाट दोन परंपरांना एकाच वेळी आपली वाटते.

लेणी अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमाराची. चारशेहून अधिक पायऱ्या चढून गेल्यावर खडकात कोरलेली दालने आणि तीर्थंकरमूर्ती दिसतात. पार्श्वनाथांची भव्य मूर्ती त्यांत विशेष. पायऱ्यांवरून मागे वळून पाहिले, की पंचवटीपर्यंतचा सगळा रस्ता नजरेच्या टप्प्यात येतो. ज्याने हा डोंगर निवडला, त्याने एकांत पाहिला. पण वस्तीपासून फार लांबही तो गेला नाही. साधूला एकांत हवा आणि आहारासाठी श्रावकाचे दारही हवे. या दोन्हींचे अंतर येथे नेमके साधले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत नागौर पीठाचे भट्टारक क्षेमेंद्रकीर्ती यांनी या क्षेत्राकडे समाजाचे लक्ष वेधले आणि म्हसरूळ गावात मंदिर व धर्मशाळा उभी राहिली. विसाव्या शतकात आचार्य शांतिसागर महाराजांचेही येथे वास्तव्य घडले. डोंगरावर लेणी आणि पायथ्याच्या गावात उतरण्याची सोय अशी दुहेरी रचना तेव्हापासून रूढ झाली.

श्वेतांबर परंपरेलाही नाशिक परके नाही. चौदाव्या शतकात आचार्य जिनप्रभसूरी यांनी लिहिलेल्या ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथात ‘नासिक्यपुरकल्प’ असे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात येथील चंद्रप्रभ जिनालयाची आणि त्याच्या वेळोवेळी झालेल्या उद्धाराची कथा येते. ते जिनालय आज उभे नाही. उद्धाराची कथा मात्र राहिली. वास्तूपेक्षा तिची निगा राखणाऱ्यांची आठवण अधिक टिकली, असा त्याचा अर्थ घेता येईल.

मुद्दल अखंड, व्याजावर खर्च

निगा राखायला पैसा लागतो आणि या प्रश्नाचा विचार नाशिकने फार पूर्वी केलेला आहे. पंचवटीच्या या वाटेवरून क्षणभर शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्रिरश्मी डोंगरावरील पांडवलेण्यांकडे वळले, तर त्याचा शिलालेखी पुरावा मिळतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी तेथील बौद्ध भिक्षूंसाठी लेणे खोदविले आणि त्यासोबत तीन हजार कार्षापणांची ठेव ठेवली. ही ठेव राजाच्या खजिन्यात ठेवलेली नाही. ती गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे ठेवली आहे. दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने आणि एक हजार दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजच वापरायचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस. त्यातून वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा. हिशेब चोख जुळतो. अशा ठेवीला ‘अक्षयनीवी’ असे नाव होते.

दुसरा दाखला अंजनेरीचा आणि तो थेट जैन मंदिराचा. त्र्यंबकच्या वाटेवरील या गावात शके १०६३ मधील, म्हणजे इसवी सन ११४१-४२ च्या सुमाराचा शिलालेख आहे. यादव राजा सेउणचंद्र याने चंद्रप्रभ जिनालयाला तीन दुकाने दिली. वत्सराज नावाच्या धनवान व्यापाऱ्याने आणि आणखी दोघांनी मिळून एक दुकान व एक घर दिले. सोन्याचा कळस देण्याऐवजी दुकान देण्यात मोठे शहाणपण होते. कळस दिसतो, पण भाडे देत नाही.

पुढील काळात हीच रीत ‘धर्मादा’ या नावाने बाजारात रुजली. प्रत्येक विक्रीच्या पावतीवर काही पैसे धर्मादा म्हणून वेगळे धरायचे आणि ते धर्मशाळा, पाणपोई, पांजरापोळ यांच्याकडे वळते करायचे. नाशिक पंचवटी पांजरापोळ ही १८७८ ची संस्था याच भावनेतून उभी राहिली आणि आजतागायत चालू आहे. धर्मादाच्या रकमेचे कायदेशीर स्वरूपही स्पष्ट झालेले आहे. ‘बिजली कॉटन मिल्स’ या गाजलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, गिऱ्हाइकाकडून धर्मकार्यासाठी म्हणून घेतलेली अशी रक्कम व्यापाऱ्याचे उत्पन्न ठरत नाही, असा निर्णय दिला. अर्थात ती वेगळ्या खात्यात ठेवली पाहिजे आणि त्याच कामी खर्चिली पाहिजे.

या तिन्ही उदाहरणांत एक सूत्र आहे. बांधणाऱ्याने बांधताना देखभालीचीही तरतूद केली आणि ती तरतूद चालत्या धंद्याशी जोडली. धंदा चालेल तोवर दिवा जळेल, अशी ती योजना होती.

पुस्तकात एक रुपया

आज या वाटेवरील जुन्या धर्मशाळा, वाडे आणि विश्वस्त संस्थांच्या इमारती यांवर जे संकट आहे, त्याचे मूळ याच ठिकाणी सापडते. दर बारा वर्षांनी सिंहस्थ येतो. २०१५ नंतरचा सिंहस्थ आता २०२६-२७ मध्ये आला आहे. प्रत्येक सिंहस्थाबरोबर पंचवटीत रस्ते रुंदावतात, जमिनीचे भाव चढतात आणि जुन्या इमारतींना पालिकेच्या नोटिसा लागतात. मोडकळीस आलेली इमारत उतरवून घेण्याचा अधिकार महानगरपालिकेला कायद्याने आहे आणि तो जीविताच्या सुरक्षेसाठी आवश्यकही आहे. तीस वर्षांहून जुन्या इमारतींच्या मजबुतीचा दाखलाही मालकाला द्यावा लागतो.

अशी नोटीस आल्यावर विश्वस्तांच्या बैठकीत काय होते, याचे चित्र कोणत्याही संस्थेला परिचित वाटेल. शंभर वर्षांपूर्वी काही हजारांत बांधलेली इमारत ताळेबंदात त्याच रकमेला नोंदलेली असते. त्यावर दरवर्षी घसारा लिहिला जातो. घसारा कागदावर पडतो. तेवढी रोकड बाजूला कोणी ठेवीत नाही. अनेक वर्षांनी इमारतीची पुस्तकी किंमत नाममात्र उरते, कित्येकदा एक रुपया. मग एका बाजूला दुरुस्तीचा काही लाखांचा अंदाज, दुसऱ्या बाजूला विकसकाचा काही कोटींचा देकार आणि मध्ये पुस्तकात एक रुपया किमतीची वास्तू. आकडे असे मांडले, की निर्णय आधीच झालेला असतो. विश्वस्तांना दोष देऊन उपयोग नाही. त्यांच्यापुढे कागदच तसा आलेला असतो.

खाजगी वाड्यांची अडचण वेगळी आहे. वारसदार अनेक, जुने भाडेकरू, महिन्याचे भाडे एका पन्हळीच्या दुरुस्तीलाही न पुरणारे. मालक म्हणतो, भाडे वाढवा. भाडेकरू म्हणतो, आधी छप्पर नीट करा. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि वाडा मध्ये झिजत राहतो.

समाजाच्या दानाची दिशाही बदलली आहे. नवीन बांधकामाला दाते मिळतात, कारण तेथे भूमिपूजन आहे, शिलालेख आहे, छायाचित्र आहे. पन्हळ साफ करण्याला शिलालेख नसतो. जैन परंपरा मात्र याच्या उलट सांगते. नवे मंदिर बांधण्याहून जीर्णोद्धाराचे पुण्य आठपट, असे वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. श्वेतांबर संघांत तर आणखी एक व्यावहारिक पेच असतो. देवद्रव्य मंदिराखेरीज अन्यत्र वापरता येत नाही आणि धर्मशाळा, उपाश्रय ज्यातून सांभाळायचे, ते साधारण खाते नेहमीच तुटीत असते. बोलीच्या वेळी साधारण खात्यासाठी हात वर करणारा श्रावक विरळा.

चालणाऱ्यांची गरज

कोणी विचारील की, आज गाडीने वीस मिनिटांत म्हसरूळ गाठता येते, मग जुन्या उतारशाळा टिकवायच्या कशासाठी? पर्यटन आणि वारसा ही उत्तरे दिली जातात. जैन कुटुंबांसाठी त्याहून जवळचे उत्तर आहे. या समाजाचे गुरू आजही चालतात.

साधू-साध्वी वाहन वापरीत नाहीत. ईर्यासमितीचे पालन करायचे, म्हणजे पुढची जमीन पाहून पाऊल टाकायचे. सूर्यास्तानंतर विहार नाही. दिगंबर मुनींचा आहार दिवसातून एकदाच. त्यामुळे त्यांचा दिवसाचा टप्पा ठरलेला असतो आणि त्या टप्प्याच्या शेवटी निर्दोष जागा, प्रासुक पाणी आणि श्रावकांचे घर लागते. जुन्या वाटांवरील धर्मशाळा याच मापाने वसल्या होत्या. पंचवटी ते म्हसरूळ ही सकाळची एक चाल. पुढे दिंडोरी हा त्यानंतरचा मुक्काम. महामार्गांनी वाहनांचे माप धरले आणि पायी चालणाऱ्याला रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीबाहेर ढकलले. विहारात वाहनाच्या धडकेने साधू-साध्वी दगावल्याच्या बातम्या समाजाने गेल्या काही वर्षांत वारंवार वाचल्या आहेत. जुनी, कमी वर्दळीची वाट आणि तिच्यावरील थांबे जपणे, हा त्यांच्या जिवाच्या रक्षणाचा प्रश्न आहे. दिंडोरी रस्त्यावरचा एक उपयोगात असलेला उतारा बंद पडला, तर गजपंथाहून मांगीतुंगीकडे निघालेल्या एखाद्या संघाला त्या दिवशी दुप्पट चालावे लागते.

करण्याजोग्या गोष्टी

सुदैवाने या वास्तू वाचविण्यासाठी प्रत्येक वेळी कोटींची गरज नसते. वेळेवर केलेला थोडा खर्च पुरतो. मृगापूर्वी कौले आणि पन्हळी साफ करणे, भिंतीतील पिंपळ-वडाची रोपे मुळासकट काढणे, लाकडाला वाळवीपासून जपणे, पडलेल्या सांध्यांत चुनाच भरणे आणि स्नानगृहाचे पाणी जोत्यापासून दूर नेणे, एवढी पाच कामे दरवर्षी झाली तर वाड्याचे आयुष्य एका पिढीने सहज वाढते. चुन्याचे काम जाणणारे गवंडी कमी झाले आहेत. पण गोदाकाठच्या मंदिरांच्या जीर्णोद्धाराच्या निमित्ताने ही विद्या नाशिकात अजून वापरात आहे.

कायद्याची काही बाजूही ठाऊक असावी. सार्वजनिक विश्वस्त संस्थेची स्थावर मिळकत विकायची किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ही परवानगी मागण्यापूर्वी पर्यायांचा विचार सभासदांपुढे ठेवणे हे विश्वस्तांचे कर्तव्यच आहे. वास्तू अधिकृत वारसा यादीत असेल, तर राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत तिच्या न वापरलेल्या बांधकाम हक्काच्या हस्तांतरणाची, म्हणजे टीडीआरची तरतूद आहे. इमारत जागेवर ठेवून तिच्या देखभालीचा पैसा उभा करण्याचा तो एक मार्ग होऊ शकतो. त्यासाठी वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल यांचा सल्ला वेळेत, नोटीस येण्याआधी घ्यावा.

सर्वांत महत्त्वाची सुधारणा मात्र वहीत करायची आहे. प्रत्येक जुन्या वास्तूच्या नावे स्वतंत्र देखभाल निधी असावा. घसारा लिहिला जाईल, तेवढी रक्कम दरवर्षी प्रत्यक्ष त्या निधीत जमा व्हावी. नवीन बांधकामासाठी आलेल्या प्रत्येक देणगीतील ठरावीक हिस्सा, दात्याच्या संमतीने, जुन्या वास्तूच्या मुद्दलात जावा. पेढीवर धर्मादा धरणाऱ्या कुटुंबांनी त्यातला काही भाग आपल्या गावच्या वाटेवरील एका धर्मशाळेच्या नावे कायमचा लावून द्यावा. लग्न, वर्षीतप, पुण्यतिथी अशा प्रसंगी नव्या खोलीवर नाव कोरण्याऐवजी जुन्या छपराची दहा वर्षांची निगा घेण्याचा संकल्प सोडावा. दात्याचे नाव द्यायचेच असेल, तर ते द्यावे. उषवदातानेही ते कोरून घेतले होते.

पंचवटी ते गजपंथ ही वाट ज्या रकमांवर टिकली, त्यांत काही लाखांचे आकडे आहेत आणि त्याहून कितीतरी अधिक वेळा पावतीच्या तळाशी लिहिलेले आणे-पैसे आहेत. ते आणे लिहिण्याची सवय ज्या समाजात होती, त्या समाजाच्या वह्या अजून चालू आहेत. येत्या पाडव्याला वही उघडताना तिच्यात या वाटेच्या नावाने एक पान काढता येईल.